सहा सेलांची सोयरीक

पेडण्यापासून काणकोणापर्यंत अख्खा गोवा पालथा घातला, तरी बॅटरीचा सेल घरात आणण्याआधी त्याच्या घराण्याची चौकशी करणारा माणूस एकच सापडेल, आणि तो माझा सख्खा आतेभाऊ आहे. लोक मुलगी बघायला जातात तेव्हा जेवढे बघत नाहीत, तेवढे आमचे आतेबंधू एक सेल बघताना बघत. कुठल्या कारखान्यात जन्मला, कोणत्या साली जन्मला, बरोबरची भावंडे पुढे कशी निघाली, अंगाने भरलेला दिसतो तो खरा की नुसता फुगलाय, कष्ट पडले की डोके तापते का, आणि तापले तर किती वेळात निवते. एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर बुटाच्या खोक्याएवढी एक खेळण्यातली मोटार, हातातल्या रेडिओच्या डबीवरून चालणारी, रविवारी संध्याकाळी सात मिनिटे पळावी म्हणून. 'खेळण्यातली' हा शब्द मी इथे लिहिलाय तो आमच्या नातेवाइकांत माझे लिखाण कोणी वाचत नाही या भरवशावर. आतेबंधूंसमोर तो उच्चारायची सोय नव्हती. एकदा आमच्या एका मेव्हण्याने सहज म्हणून विचारले, "खेळणे आणलेत वाटतं नवीन?" तर त्याला त्या दिवशी आमच्या घरी चहा मिळाला नाही, आणि पुढच्या चतुर्थीला नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा त्याच्या घरी जायचा तोही शेजाऱ्याकडे गेला.

पोटापाण्यासाठी आतेबंधू डिचोलीला खनिजाच्या ट्रकांची वायरिंग करीत. खाणी जोरात होत्या ते दिवस. सकाळपासून लाल धुळीत ट्रकांच्या रांगा लागलेल्या असायच्या, आणि कुणाचा हॉर्न मुका झालाय, कुणाचा एक डोळा गेलाय, असे रुग्ण घेऊन ड्रायव्हर या मिस्त्रीच्या मागे 'मेस्त, मेस्त' करीत फिरायचे. माणूस हुशार. पण एकदा हरमलला एका जर्मन पाहुण्याच्या मोटारसायकलची वायरिंग त्यांनी नीट करून दिली आणि तिथेच त्यांच्या आयुष्याचा सांधा बदलला. हा जर्मन दर हिवाळ्यात हरमलला खोली घेऊन राहायचा आणि ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर ही असली मोटार पळवायचा. आतेबंधूंनी ती पळताना पाहिली आणि पाना हातात धरून ते तसेच उभे राहिले. त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. व्होल्ट आणि अँपिअर हे दोन शब्द मात्र दोघांनाही येत होते, आणि त्या दोन शब्दांवर त्यांनी संध्याकाळपर्यंत गप्पा मारल्या असे प्रत्यक्ष पाहणारे सांगतात. त्या वर्षी परत जाताना जर्मनाने आपली जुनी मोटार आतेबंधूंच्या हाती सोपवली. हरमलहून डिचोलीपर्यंत बसमध्ये त्यांनी ती मांडीवर घेतली होती आणि कंडक्टरने ती वर ठेवायला सांगितल्यावर ते पुढच्या थांब्यावर उतरून गेले.

त्या मोटारीत सहा सेलांचा गठ्ठा लागायचा. सहाजण एकापुढे एक जोडायचे, वर प्लास्टिकचे वेष्टन चढवायचे, की झाला गठ्ठा. बाजारात तो बांधलेलाही मिळतो, पण बांधलेला गठ्ठा वापरणे म्हणजे, आतेबंधूंच्या मते, पत्रिका न बघता सहा पोरांची लग्ने एकाच मांडवात उरकणे. ते गठ्ठा सोडवायचे, सेल वेगळे करायचे आणि एकेकाची परीक्षा घ्यायचे. आतेच्या स्वयंपाकघरातल्या मेजावर सेल ओळीने उभे, प्रत्येकाला टॉर्चचा एकेक बल्ब लावलेला, आणि कुणाचा बल्ब आधी मंद होतो ते बघत आतेबंधू कदेलीच्या, म्हणजे खुर्चीच्या, पाठीवर हनुवटी टेकून बसलेले. "सगळ्यांनी एकाच वेळी दमलें पाहिजे," असे ते मला समजावायचे. "पांच जाण मरमरून राबतात आणि एक आळशी निघालो, तर तो पांचांची कमाई खातो." आते त्याच मेजाच्या उरलेल्या कोपऱ्यावर बांगडे कापत असायची. आंघोळीला जायची वेळ झाली की हे तिला सांगायचे, "आई, त्या चवथ्याचेर नदर दवर गो, हांव न्हावन येतां." बिचारी बांगडा एका हातात धरून चौथ्यावर नजर ठेवायची. एक दिवस ती तिथूनच ओरडली, "पुता, तुजो चवथो गेलो रे!" तर शेजारची बाई डोक्यावर पदर घेऊन रडतच आत आली.

सेलांच्या अंगी स्मरणशक्ती असते हे मला आतेबंधूंमुळे कळले. त्या काळचे ते कॅडमियमवाले सेल पुरते रिते न करता पुन्हा चार्जिंगला लावले, तर त्यांना तेवढीच सवय लागते, आणि मग ते तेवढ्यावरच दम टाकतात, असे शास्त्र आहे. आतेबंधूंनी हे शास्त्र सेलांपुरते ठेवले नाही. पंगतीत कोणी अर्ध्यावर हात आखडला की ते त्याच्याकडे काळजीने बघत म्हणायचे, "खा, खा, नाहीतर पोट तेवढेंच लक्षांत ठेवील." दुपारी डुलकी काढणाऱ्याला पाच मिनिटांत उठवले तर ते उठवणाऱ्यावर चिडायचे. आतेच्या वर्षश्राद्धाला यावे तसे गंभीर चेहरे करून आम्ही हे सगळे ऐकायचो. अरे, हे काय लिहिले मी! आते तेव्हा चांगली ठणठणीत होती, आणि या असल्या वेळी सर्वांत मोठ्याने तीच हसायची.

गोवा घटक राज्य झाला तेव्हा गावात फटाके वाजत होते. चावडीवर मराठीवाले आणि कोकणीवाले, जे वर्षभर एकमेकांचे तोंड बघत नव्हते, ते निदान एकाच बाकावर बसून पेढे खात होते. आतेबंधू मात्र घरात बसले होते, कारण चार्जिंगच्या ऐन मध्यात वीज गेली होती. मी त्यांना बोलवायला गेलो तर म्हणाले, "राज्य जालें तें बरें जालें. आतां लायट तरी सारकी येतली." तशी ती काही आली नाही. मग त्यांनी ट्रकांच्या बॅटऱ्यांवरून चार्जिंग करायची युक्ती काढली. दुरुस्तीला आलेल्या ट्रकाच्या बॅटरीला दोन चिमटे लावायचे, की काम सुरू. एकदा असे चिमटे लावलेला ट्रक रांगेत सर्वांत पुढे होता. मागे ट्रकांची रांग वाढत बाजारापर्यंत गेली, सगळे एका सुरात हॉर्न वाजवू लागले, आणि ते सगळे हॉर्न आतेबंधूंनीच दुरुस्त केलेले असल्यामुळे कुणाचाही आवाज कमी पडत नव्हता. धक्क्यावर खनिजाची होडी ताटकळलेली, म्हणून ड्रायव्हर रडकुंडीला येऊन ओरडला, "मेस्त, काड तें! जेटीर बार्ज रावल्या!" आतेबंधू सेल गालाला लावून त्याची ऊब बघत होते. ते शांतपणे म्हणाले, "बार्ज बुडना. हांगा सेल मरता."

असल्या माणसाचे लग्न जमणे सोपे नव्हते, आणि आतेला तर रात्रंदिवस तोच घोर. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा, चाळिशी दारात येऊन उभी, आणि मुलगा सेलांच्या पत्रिका जुळवतोय. मुली बघायला आम्ही पुष्कळ घरी गेलो. साखळीला एका घरी मुलगी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा आतेबंधू तिच्या वडिलांचा ट्रान्झिस्टर उघडून बसले होते. आतले सेल फुटून हिरवे झालेले बघून त्यांचा चेहरा उतरला. "तुमच्या घरांत सेलांचे भारी हाल होतात हो," असे ते यजमानांना इतक्या कळवळ्याने म्हणाले, की जणू आम्हीच त्या घरात मुलगी देत होतो आणि तिचे पुढे काय होणार ही काळजी आम्हाला वाटावी. वाळपईला तर ते मुलीशी एक अक्षर न बोलता घरातल्या सगळ्या टॉर्च नीट करून आले. त्या घरातून निरोप आला, की नवरा नको, पण महिन्या-दोन महिन्यांनी एकदा येऊन गेले तर बरे.

आणि मग पेडण्याच्या मुलीचे स्थळ आले. वडील लहानपणीच गेलेले, मामांनी वाढवलेली, पेडण्याच्या बाजारात मामांच्या घड्याळाच्या दुकानात बसायची. तीही पस्तिशीला आलेली. पोहे झाले, चहा झाला, बोलणे नेहमीप्रमाणे खुंटले. आते डोळ्यांनी मला खुणावत होती की तू तरी काहीतरी बोल. एवढ्यात ती मुलगी, मोटारीची कीर्ती पेडण्यापर्यंत पोचलेली असावी, आतेबंधूंना म्हणाली, "तुमची ती गाडी. एकदां चार्ज केल्यार कितलो वेळ धांवता?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. आतेबंधूंनी कपबशी खाली ठेवली. "सात मिनटां," ते म्हणाले.

"आनी चार्ज करूंक?"

"सेल जुळोवपाक धरून? सगळो आयतार वता."

सात मिनिटांसाठी अख्खा रविवार! मी मान खाली घातली. आता ही हसणार आणि आपण चपला घालणार. पण ती हसली नाही. थोडा विचार करून म्हणाली, "मागीर तीं सात मिनटां चुकोवचीं न्हय."

परतताना कोलवाळचा पूल लागला. आतेबंधू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "ही चार्ज धरतली." त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी कधी ऐकली नव्हती. पुढचा आठवडाभर त्यांना झोप नव्हती. ट्रकाच्या उजव्या दिव्याचे बटण दाबले की डावा दिवा लागायला लागला. ड्रायव्हर हसायचे आणि हे त्यांच्याकडे बघून उगाच हसायचे.

पेडण्याहून होकार आला, पण मामांनी एक अट घातली. मुलाकडच्या ग्रामदेवीचा प्रसाद घ्यायचा. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या पाकळ्या पाणी लावून चिकटवायच्या, भटजींनी गाऱ्हाणे घालून प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बघत बसायचे. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणे संपल्यावर पाकळी पडेपर्यंत कोणी बोलायचे नाही. आमच्याकडे विहीर खणण्यापासून ते सोयरिकीपर्यंत सगळे याच वाटेने जाते, आणि देवीने नाही म्हटले तर पुढे कोणी तोंड उघडत नाही. आतेने सोमवार ठरवला. मामा स्वतः पेडण्याहून स्कूटरवर येणार होते.

नेमका त्याच आठवड्यात हरमलचा जर्मन मायदेशी निघाला होता. दर वर्षी पावसाळ्याआधी जाताना तो आतेबंधूंना विचारून जायचा की पुढच्या हिवाळ्यात येताना कसले सेल आणू. सेल एकदाच यायचे आणि वर्षभर त्यांच्यावरच काढावे लागायचे. त्या वर्षी पंचाईत अशी की एक नवी जात निघाली होती, मेटल हायड्राइड म्हणून. जुना कॅडमियम दांडगा, एकदम जोर लावणारा, पण ती त्याची स्मरणशक्ती नडायची. नव्याच्या पोटात जास्त मावायचे, तो जुने काही मनात धरायचा नाही, पण प्रकृतीने नाजूक. नुसता कपाटात ठेवला तरी महिन्याभरात रिता व्हायचा. आतेबंधू एका बाजूने विचार करीत, मग दुसऱ्या बाजूने, आणि शेवटी कपाळाला हात लावून बसत. मनातून त्यांना नवाच हवा होता, पण हिंमत होत नव्हती. आणि मग त्यांना ते सुचले, जे जगाच्या पाठीवर मोटारी पळवणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही माणसाला सुचले नसते. सोमवारी देवळात जायचेच आहे, तर सेलांचेही देवीलाच विचारू.

सोमवारी सकाळी ते मला घेऊन लवकरच देवळात पोचले. आते ओटीचे सामान घेऊन मागून येत होती, मामा अजून यायचे होते. "ते येसर आमचें ल्हानशें काम करून घेवया," असे म्हणून त्यांनी भटजींना सगळे समजावले. भटजी जन्मभर लोकांची गाऱ्हाणी घालत आलेले, त्यांना कशाचेच नवल वाटत नसे. त्यांनी पाकळ्या लावल्या आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "आई माये, हो तुजो लेक दोन तरांच्या सेलांमदीं अडकला. एक पोरनो, एक नवो. तांचीं नांवां तूं जाणा. पोरनो बरो आसत जाल्यार उजवी पाकळी दी, नवो बरो आसत जाल्यार दावी दी, आनी हाका ह्या घोळांतल्यान भायर काड." यावर जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे असते. जमलेला मी एकटाच होतो. मी म्हटले.

पाकळी पटकन पडेल असे आम्हाला वाटले होते, पण देवीलाही तो प्रश्न जड गेला असावा. पाकळ्या ढिम्म. तेवढ्यात चपला काढल्याचा आवाज आला आणि आते मामांसह आत आली. पाकळ्या लागलेल्या बघून दोघांची समजूत झाली की आपल्याला उशीर झाला आणि भटजींनी सोयरिकीचा प्रसाद लावलासुद्धा. दोघेही हात जोडून बसले. मी आतेकडे बघून भुवया उडवल्या, मान हलवली, हाताने सेलाएवढे माप करून दाखवले. भटजींनी माझ्याकडे असे काही बघितले की मी हात परत जोडले. आतेबंधूंना तर मागे कोण आले याचा पत्ताच नव्हता. आतेचे ओठ हलत होते. तिने पदराचे टोक मुठीत इतके घट्ट धरले होते की बोटे पांढरी पडली होती.

आणि डावी पाकळी पडली.

आतेच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला आणि ती भिंतीला टेकली. त्याच क्षणी आतेबंधूंनी जागच्या जागी उडी मारली. "पडली! दावी पडली!" असे ओरडत त्यांनी मला मिठी मारली, भटजींना मिठी मारायला गेले, भटजी सोवळ्यात म्हणून मागे सरले, तर यांनी खांबाला मिठी मारली. मग वळून बघतात तो आई रडते आहे आणि मामा उभे आहेत.

"देवी ना म्हणटा आनी न्हवरो नाचता!" मामा म्हणाले. "बरें जालें, आजच कळ्ळें." एवढे बोलून ते बाहेर पडले. आम्ही चपला शोधेपर्यंत स्कूटरचा आवाज वळणापलीकडे गेला होता.

मग तिथे जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा नाही. आतेला खरा प्रकार कळल्यावर तिने मुलाला देवीच्या समोर दोन धपाटे घातले, तेही चाळिशीच्या मुलाला, आणि भटजींना म्हणाली की आत्ताच्या आत्ता खरा प्रसाद लावा. भटजी म्हणाले, "आयज जायना. नैवेद्याचो वेळ जालो. फाल्यां येयात." पण उद्यापर्यंत मामा गप्प बसणारे नव्हते. आतेबंधूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपल्या हातून काय निसटले ते त्यांना आता कुठे कळले होते. देवळाबाहेर ओळखीच्या ड्रायव्हरचा रिकामा टिपर उभा होता. आतेबंधू त्यात चढले, मी त्यांच्यामागे चढलो, आणि खनिजाच्या ट्रकात बसून आम्ही स्कूटरचा पाठलाग सुरू केला. अस्नोड्याला स्कूटर दिसली, कोलवाळला हरवली. वाटेत ड्रायव्हरने दोनदा विचारले की कुठे जायचेय, आणि दोन्ही वेळा आतेबंधू म्हणाले, "फुडें."

आम्ही पेडण्याला पोचलो तेव्हा मामा आधीच आत जाऊन सगळे सांगून बसले होते. दारात ती उभी होती. डोक्यापासून पायापर्यंत लाल धुळीने माखलेले आतेबंधू टिपरमधून उतरले आणि अंगणातच उभे राहिले. जे झाले ते त्यांनी जसेच्या तसे सांगितले, काही लपवले नाही. मामा आतून म्हणाले, "देवीक सेलांचें विचारता! हो मनीस न्हय!" तिने मामांना हाताने थांबवले.

"उजवे वटेन किदें आशिल्लें?" तिने विचारले.

"कॅडमियम."

"आनी दावे वटेन?"

"हायड्राइड."

"आनी हांव खंय आशिल्लीं?"

आतेबंधू खाली बघू लागले. "तुमचो प्रस्न मागीर आशिल्लो," ते म्हणाले. मी मनात म्हटले, झाले, संपले. याहून वाईट उत्तर जगात नसेल.

"सेल पयलीं, आनी हांव मागीर?" तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते.

"सेलांचें चुकल्यार एक वर्स वता," आतेबंधू म्हणाले. "दुसरें वर्स येता. तुमचे खातीर दावी पडिल्ली जाल्यार..." ते थांबले. टिपरचे इंजिन चालूच होते, त्या आवाजात त्यांचे शब्द जेमतेम ऐकू येत होते. "म्हाका धीर जायनासलो. म्हूण म्हळें, पयलीं सोंपो प्रस्न विचारया."

जन्मात मी त्यांना इतके घाबरलेले पाहिले नव्हते. हसू यावे असाच सगळा देखावा होता, लाल रंगाचा नवरा, मागे घरघरणारा टिपर. पण मला हसू आले नाही, खरे सांगतो. तिने डोळे पुसले.

"मागीर विचारूंच नाकात," ती म्हणाली.

"कोणाक?"

"देवीक. म्हाका विचारात."

आतेबंधूंनी धुळीचे हात शर्टाला पुसले. शेवटी एवढेच म्हणाले, "येतलीं?"

"पयलीं तो ट्रक बंद करात," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

मामांनी चार दिवस तोंड फुगवले, पण भाचीने ठरवल्यावर त्यांचे काही चालले नाही. प्रसाद न घेता झालेले आमच्या गावातले ते पहिलेच लग्न असावे. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी नाके मुरडली. मला भीती होती ती आतेची, कारण देवीला विचारल्याशिवाय तिने साधी म्हैस घेतली नसती. पण ती सगळ्यांवर कडी करून उत्साहाने कामाला लागली. वहिनी घरात आली आणि त्या घराचे रूपच पालटले. सेल जुळवताना बल्बांवर नजर ठेवायला दोन जास्तीचे डोळे आले, आणि रविवारी संध्याकाळी ट्रकांच्या तळावर मोटार पळायची तेव्हा वहिनी हातात घड्याळ धरून "वळय, वळय, खांबो आयलो!" असे ओरडायला लागली. नवे सेल हिवाळ्यात आले. ते नाजूक निघाले, रुसके निघाले, पण आतेबंधूंनी त्यांच्याविषयी कधी वावगा शब्द ऐकून घेतला नाही. लग्नाच्या वाढदिवसाला आते दर वर्षी देवीची ओटी भरायची, नेहमीच्या ओटीहून दुप्पट, वर पाच नारळ. आम्ही चेष्टा करायचो की सून मिळाल्याचा आनंद आतेच्या पोटात मावत नाही.

पुढे खाणी बंद पडल्या. ट्रक उन्हापावसात गंजत उभे राहिले. जर्मन यायचा थांबला. आतेबंधूंचे केस पिकले, आणि आते अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी तिच्या उशाशी बसलो होतो. बाहेर अंगणात वहिनी आणि आतेबंधू चार्जरवरून भांडत होते, म्हणजे नेहमीचेच. आते ते ऐकत होती. मग मला जवळ बोलावून म्हणाली, "तुका एक सांगूं? तांकां सांगूं नाका."

"सांग."

"त्या सोमाराच्या दुसऱ्या दिसा हांव एकलीच देवळांत गेल्लीं. तांचो प्रसाद लायलो." ती थांबली. "दावी पडली."

मी आणखी जवळ सरकलो. "मग गो?"

"मागीर किदें? देवीक म्हळें, माये, तूं अजून कालच्या सेलांचीच जाप दिता. आनी घरा येवन लाडवांक बसलीं." देवीचे उत्तर असे सेलांच्या खात्यावर टाकून ती हसली, तिचे ते मोठ्याने हसणे, पण अंगात त्राण नसल्यामुळे त्याचा आवाज फुटला नाही. "भटजीक सांगलें, तोंड उगडलें जाल्यार याद राख."

तेव्हा मला त्या पाच नारळांचा अर्थ कळला. वहिनीला साधा खोकला झाला तरी आते उठून दिवा का लावायची, आतेबंधूंना खाणीवरून यायला उशीर झाला की ती सोप्यावर बसून देवळाच्या दिशेने का बघत राहायची, तेही कळले. इतकी वर्षे ती रोज थोडी थोडी भीत होती, आणि आम्हाला वाटत होते की हिला कसली काळजीच नाही.

त्या पावसाळ्यात आते गेली. परवाच्या रविवारी मी डिचोलीला गेलो होतो. ट्रकांचा तळ आता मोकळा पडलाय, कडेने गवत माजलेय. मोटार गवतातून वाट काढत पळत होती, आतेबंधू डबीवर बोटे नाचवत होते, आणि वहिनी त्यांच्या खांद्याला धरून ओरडत होती. हे सगळे बघताना आतेने सांगितलेले त्यांना सांगून टाकावे असे फार मनात आले. दोघेही हसलीच असती. पण मी काही बोललो नाही. देवीचा तो नकार आतेने एकटीने सांभाळला, आता तो माझ्याजवळ आहे.